मालूचा नकाशा

एकावन्न साली मी पनवेलच्या कोळीवाड्यातल्या शाळेत चौथीत होते. नागरिकशास्त्राच्या तासाला ओगले गुरुजींनी आम्हाला आपापल्या आळीचा नकाशा काढायला लावला. सगळ्यांनी शाळा, देऊळ, टपालपेटी काढली. मी कुत्री काढली. कुठलं नुसतं भुंकतं, कुठलं चावतं आणि त्याला चुकवायला कुठल्या बोळातून जायचं, ते सगळं दाखवलं.

"मालू, नागरिकाला हे कशाला लागतं?" असं म्हणून गुरुजींनी दहापैकी शून्य दिलं. वर्ग फिदीफिदी हसला. माझं टाळकंच सरकलं.

पुढच्याच आठवड्यात खानेसुमारी आली. घरोघर जाऊन माणसं मोजायचं काम गुरुजींच्या गळ्यात पडलं. पहिल्याच दिवशी ते काळूरामच्या अंगणातून फाटक्या धोतराने परतले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला हळूच बोलावलं. "मालू, आज ठमाबाईकडे जायचंय. तिचा कुत्रा चावतो का गं?"

मी नकाशा त्यांच्यापुढे धरला. "शून्यवाला नकाशा नागरिकाला लागत नाय, गुरुजी."

गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं, लाल पेन्सिल काढली आणि शून्याच्या आधी एक काढला.

"चावतो," मी म्हटलं. "मागच्या दारानं जा."