कागदबाबाची जळकी पट्टी

बोरगावात तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीत सकाळपासून माणसं दाटीवाटीनं बसली होती. पुढं पाटावर देवीचा फोटो आणि फोटोसमोर हार घातलेला प्रिंटर. कागदबाबा त्याच्याभोवती हात फिरवून दाखवत होता. "बघा, कॉम्प्युटर न्हाय. करंटची सोडून दुसरी वायर न्हाय. आईच्या मनात आलं की कागद येतोय."

आणि घरघर करत कागद यायचाच. त्यावर समोरच्या माणसाचं नाव, गाव, दुखणं, सगळं छापलेलं. बाबा कागदाच्या माथ्याची पट्टी फाडून दिव्यावर जाळायचा, तिचा अंगारा कपाळी लावायचा आणि उरलेला कागद हातात द्यायचा. लोक रडायचे.

मी तिथं मंगलसाठी बसले होते. मंगल माझी शेजारीण. तिच्या लेकीला, तेजस्वीला, फिट येतात. निपाणीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या. मागच्या खेपेला इथल्या कागदावर 'गोळ्या बंद, फक्त अंगारा' असं आलं आणि मंगलनं ते ऐकलं. परवा पोर चुलीपाशी कोसळली, मनगट भाजलं. तरी मंगल पुन्हा इथंच आली. मला राग आला होता, आणि भीतीही वाटत होती. पुढची फिट विहिरीच्या काठावर आली तर?

आपल्याकडं आल्यागेल्याला चहा दिल्याशिवाय कोण सोडतं? इथंही दारात मालुबाई नावाची गोड बाई चहा द्यायची. कुठलं गाव, कुणाची लेक, घरात काय दुखतंखुपतं, मायेनं विचारायची. आपली माणसं चहाबरोबर सगळं सांगून मोकळी होतात आणि आत गेल्यावर देवीला कसं कळलं म्हणून थक्क होतात. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. मालुबाईला मी सांगितलं, भावाला कावीळ झालीय. मला भाऊच नाही.

मंगलच्या आधी माझी पाळी आली. कागद आला. 'तुझ्या भावाची कावीळ आई उतरवेल.' बाबानं पट्टी फाडली, आणि ती दिव्यापाशी जायच्या आत मी ओढून घेतली. तिच्यावर माझं नाव, गाव आणि ते खोटं दुखणं छापलं होतं, 'त्रिशला बोरगाव कावीळ'.

"आईची खूण हाय ती," बाबा म्हणाला. "ठेवशील तर हात जळंल."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. नोटपॅडमध्ये लिहून प्रिंट दिली की फाइलचं नाव माथ्यावर आपोआप छापलं जातं. ते बंद करायचं यांना ठाऊक नव्हतं, म्हणून जाळत होते. वायर लागत नाही, वायफाय पुरतं. मग मी मागचा पडदा सारला. मालुबाईचा नवरा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. स्क्रीनवर पुढचा कागद तयार होता. 'तेजस्वीचा हात भाजला, कारण तिच्या आईची श्रद्धा कमी पडली.'

मंगलनं ते वाचलं. तिनं बाबाला अजून काही विचारलंही नव्हतं.

"हे तर मी चहा पिताना सांगितलं व्हतं," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "मीच भाजलं व्हय पोरीला, आक्का?"

आधी डॉक्टरांकडं जाऊ, एवढंच मी म्हटलं आणि तिला बाहेर घेऊन आले. मागं अर्धी रांग तशीच बसून होती. एकानं विचारलंसुद्धा, आमचा नंबर कधी लागणार म्हणून.

त्या रांगेतल्या माणसांना माझं एवढंच सांगणं आहे. हात जोडण्याआधी आठवून बघा, हे आपण आधी कुणाला सांगितलं होतं? आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी कुणा बाबाच्या शब्दावर थांबवू नका. तेजस्वीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. मनगटावरचा डाग मात्र राहणार आहे.