सहा टिकल्या

भट्टी कुरणात आली तर एव्हाल्डचा फायदा किती, हे डॅग्नीने सभागृहात शिरून कोट खुंटीला लावायच्या आतच मांडून ठेवलं होतं. घराघरांत गरम पाणी पुरवणारी गावाची ही सामाईक भट्टी चालणार गव्हाच्या काडावर, आणि बेटावर एवढं काड एव्हाल्डखेरीज होतं कुणाकडे? त्याच्या कोठारापासून कुरण चाळीस पावलं. जुनी डेअरी पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे हिवाळाभराच्या ट्रॅक्टरच्या फेऱ्या वाचल्या, गिऱ्हाईक उंबरठ्यावर आलं, आणि वर ‘गावानेच ठरवलं’ म्हणायला हा मोकळा.

तिची स्वतःची बाजू लहान होती. कुरणात मधमाश्यांच्या अकरा पेट्या. जागा गावाची, ठेव म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, उचल म्हणूनही नाही. भट्टी आली की पेट्या उठणार, आणि एकाहत्तराव्या वर्षी तिला दुसरी जागा कोण देणार?

भिंतीवर बेटाचा मोठा नकाशा लावला होता. मुख्य भूमीवरून आलेली सिसेल नावाची मुलगी प्रत्येकाला कागदाच्या पट्टीवर तीन लाल टिकल्या वाटत होती.

“कुरण, डेअरी किंवा फुटबॉलचं मैदान. भट्टी जिथे हवी तिथे चिकटवा. वेळ वीस मिनिटं. घंटा झाली की संपलं. जिथे टिकल्या जास्त तिथे भट्टी, हे मागच्या सभेत तुम्हीच ठरवलंय.”

डॅग्नीने पट्टी स्वेटरच्या खिशात टाकली. सगळ्यांदेखत डेअरीवर टिकल्या लावायच्या म्हणजे पेट्यांची चौकशी आपल्याच हाताने घरी आणायची. त्यापेक्षा आधी एव्हाल्ड कुठे लावतो ते पाहावं आणि मग त्याच्यावर उतारा काढावा.

पण एव्हाल्ड कॉफीच्या थर्मासपासून हलेना. केकचा तिसरा तुकडा खात उभा.

“लावल्यास का रे टिकल्या?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“बघतोय. तू?”

“मला कसली घाई! इंगेर नाही आली?”

“बायकोचं काय सांगू, दमा उसळलाय. खिडकी उघडून बसलीय घरी.”

म्हातारा क्रेस्टेन, बेटाच्या फेरीबोटीचा जुना तांडेल, टिकल्या लावून परतताना दोघांना पाहून थबकला. “केकवर पहारा बसवलाय का गं डॅग्नी? पळून नाही जात तो! एव्हाल्ड संपवेल फार तर.”

दोघं हसली. नजर मात्र एकमेकांच्या हातांवर.

तेवढ्यात घंटा झाली. सिसेलने दोनदा मोजून आकडे वाचले. कुरण एकेचाळीस, डेअरी अडतीस, मैदान अकरा. टाळ्या पडल्या. नळ कमी लांबीचे लागतील, बरंच झालं, असं कुणीतरी म्हणालं.

डॅग्नी टाळी वाजवत नव्हती. माणसं तिने सुरुवातीलाच मोजली होती, बत्तीस. बत्तीस त्रिक शहाण्णव. नकाशावर नव्वद. सहा कमी! ‘घोळ आहे’ हे शब्द ओठांवर आले, आणि हात खिशातल्या पट्टीला लागला. तीन तर इथेच होत्या.

मग उरलेल्या तीन कुणी गिळल्या?

एव्हाल्डने चष्मा पुसायला रुमाल बाहेर ओढला. त्याबरोबर कागदाची एक पट्टी खाली पडली. तीन लाल टिकल्या, एकही न सुटलेली. त्याने बुटाखाली दाबली, पण उशीर झाला होता.

“डेअरीवर लावणार होतो,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “इंगेरची खिडकी कुरणावरच उघडते. तिथे धूर आला तर...”

“मग लावल्या का नाहीस?”

“तू हलेनास. म्हटलं, हिने आतून कुणाशी तरी ठरवलेलं दिसतंय. आधी हिचं बघू.”

डॅग्नीने अडतिसात तीन मिळवले. बरोबरी. त्यात त्याचे तीन. चव्वेचाळीस. पुन्हा एकदा मिळवून पाहिले; आकडा तोच आला.

खिशातली पट्टी काढून तिने त्याच्या बशीत, केकच्या चुऱ्याशेजारी ठेवली. तो पट्टीकडे बघत राहिला.

नकाशापाशी क्रेस्टेन सिसेलला सांगत होता, की भांडणतंटा न होता इतकं स्वस्तात गावाचं कुठलंच काम आजवर झालं नव्हतं.

स्वस्तच म्हणायचं. अकरा पेट्या आणि एक खिडकी.