अडीचशे रुपयांचं पाणी

गळ्यात हार पडला तशी बद्रीनाथनं मान खाली घातली, ती काही केल्या वर येईना. लोकांना वाटलं, माणूस विनयशील आहे. तलवाड्याच्या दूध सोसायटीचे दोन संचालक, बद्रीनाथ आणि सत्तरीचे शहादेवकाका, अभ्यासदौऱ्यावर हॉलंडला जाऊन आले होते, आणि त्यांच्या सत्काराला सगळं गाव पटांगणात लोटलं होतं. निम्मी जनावरं चारा छावणीत, सोसायटीचे कॅन पालथे. पण सत्काराला कुठला आलाय दुष्काळ? अध्यक्ष सर्जेराव तर हॉलंडच्या गायींचं असं वर्णन करत होते, जणू धार काढून हेच आले.

बद्रीनाथला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

दूध संघानं दौऱ्याचे पैसे भरले तेव्हा पंचाहत्तर रुपयांना मिळणारा युरो निघायच्या दिवशी चौऱ्याऐंशीवर गेला होता. तिथं पाऊल टाकल्यापासून बद्रीनाथच्या डोक्यात चौऱ्याऐंशीचा पाढा सुरू झाला. चहा दिसला की पाढा, केळं दिसलं की पाढा. काकांनी तर पैसे बदललेच नव्हते. राहणं-खाणं दूध संघाचं, मग मला कशाला नोटा, असं म्हणून ते रिकाम्या खिशानं विमानात बसले होते.

तिसऱ्या दिवशी दौऱ्यातली बाकीची मंडळी बाजार बघायला गेली आणि हे दोघं दोन तासांनी येणाऱ्या बसची वाट बघत थांबले. ऊन होतं. घरून नेलेली कडक भाकरी आणि कारळाची चटणी दोघांनी खाल्ली.

"बद्रीनाथा, घोटभर पाणी घे की रे."

बद्रीनाथ समोरच्याच दुकानाच्या दारात गेला. बाटली तीन युरो. तीन चोक बारा, तीन आठे चोवीस, म्हणजे अडीचशे रुपये! पाढा मोठ्यानंच तोंडातून निघाला. गावात तेवढ्या पैशांत टँकरवाला पाच टिपाडं भरून देतो. तो हात हलवत परत आला.

"दुकान बंद करायलेत, काका. हाटेलात गेल्यावर पिऊ."

काकांनी मान डोलावली. नंतर दोघं संडासला गेले. तिथल्या नळाला काचेसारखं पाणी होतं. काकांनी ओंजळ पुढं केली, तर बद्रीनाथनंच हात धरला.

"काका, संडासातलं पाणी हाय ते!"

बस आली तेव्हा काकांना धरून चढवावं लागलं. इथं सगळ्याच नळांचं पाणी पितात, हे वाटाड्यानं दुसऱ्या दिवशी हसत हसत सांगितलं. त्याच दुपारी बद्रीनाथनं अध्यक्षांसाठी बारा युरोंचा चॉकलेटचा डबा घेतला. त्या वेळी पाढा आठवला नाही.

पटांगणात टाळ्या वाजल्या. काका माईकपुढे उभे होते.

"मला काय बोलायला येत न्हाई. एकच सांगतो. तिथं पाणी लई महाग. येवढीशी बाटली अडीचशे रुपयाला. माझा जीव पाण्यापायी कासावीस झालता. पर ह्या बद्रीनाथानं भाव न्हाई बघितला. मला पाणी पाजलं."

दुकान बंद करतायत, असं बद्रीनाथनंच सांगितलं होतं ना? मग काकांना भाव कसा कळला? म्हणजे म्हाताऱ्यानं तिथंच तो पाढा ऐकला होता, आणि तरी दोन तास तो गप्प बसून राहिला होता. बायकांत बसलेली त्याची बायको विमल पदर सावरून ताठ झाली. तिच्याकडं बघायची बद्रीनाथची छाती झाली नाही.

काका शेजारी येऊन बसले तसा तो पुटपुटला, "काका, कावून खोटं बोललात?"

काकांनी समोरच्या माणसांवरून नजर फिरवली.

"मग काय सांगू? गावात पाणी न्हाई, हे समद्यांला ठावंच हाय. पाजणाराबी ऱ्हायला न्हाई, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

तेवढ्यात सर्जेरावांनी बद्रीनाथचं नाव पुकारलं. तो उठला. या चार पावलांत खरं काय ते सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. माईक हातात आला. विमल मान उंच करून बघत होती.

"काकांनी सांगितलं," तो म्हणाला, "तसंच झालं."

या वेळी टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त वाजल्या.