धवलगडचं मागचं दार

मी एक जुनी सतरंजी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. तुमच्या आजोबांना मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखते. माणूस तोंडाने वाटेल ते सांगतो, पण बसल्यावर त्याचं खरं वजन मलाच कळतं.

माझा जन्म वरंगलचा. तिथे हातमागावर जाड सुताची मी विणली गेले, निळ्या आणि तांबड्या पट्ट्यांची. विणणाऱ्याने धागा न् धागा असा ठोकून बसवला, की आजही ओढून पाहा, वीण सैल सापडणार नाही. तिथून मी आदिलाबादच्या बाजारात एका दुकानात येऊन पडले. दिवसभर मराठी, तेलुगू, हिंदी, उर्दू कानावर पडत असे. गिऱ्हाइकं घासाघीस करत आणि मी ऐकत असे. शाळेत न जाता मला चार भाषा आल्या. ज्या गावात मी पुढे आयुष्य काढलं, तिथल्या मोठमोठ्या पागोट्यांना तेवढं जमलं नाही.

ते गाव जैनथच्या पलीकडे, पैनगंगेच्या अंगाला. तिथल्या यशवंतरावांनी मला घरच्या लग्नासाठी घेतलं. लग्न झालं, मग बारसं, भजनं, तेरव्या झाल्या. आलेला पाहुणा माझ्यावरून हात फिरवून म्हणे, मोठी टिकाऊ चीज आहे. मी फुलून जात असे. त्या काळी कौतुक ऐकायची मलाही आवड होती.

मग सत्याऐंशी साली यशवंतरावांनी टीव्ही आणला. काळ्या-पांढऱ्या चित्रांचा, लाकडी पेटीतला. घरामागे उंच बांबूवर अँटेना चढली. रविवारी सकाळी टीव्ही ओसरीच्या तोंडाशी ठेवत, अंगणात मला अंथरत, आणि सगळं गाव येऊन माझ्यावर बसे. मालिका होती 'धवलगढ की रानी'.

आता खरी गोष्ट सांगते. ती मालिका गावातल्या कोणालाही कळत नव्हती. राजा मोठमोठ्या हिंदीत बोले आणि माणसं गोठ्यातल्या गाईंसारखी त्याच्याकडे टकामका पाहत. शेजारचे चंपतराव तेवढे मान डोलवत. त्यांचं हिंदी बाजारातलं, भाव काय आणि वजन किती, इथवरचं. पण मान अशी डोलवत, जणू राजा त्यांचा साडू आहे.

माझ्या काठापासून हातभर दूर, मातीत, बयनाबाई बसे. ती बौद्ध वस्तीतली, यशवंतरावांच्या शेतात कामाला येणारी. तिला माझ्यावर बसू देत नसत. नवऱ्याबरोबर ती बरीच वर्षं बेल्लमपल्लीकडे कोळशाच्या खाणीच्या वस्तीत राहिलेली होती. तिथे देशभरचे मजूर, बोलणं सगळं हिंदीत. एका रविवारी राजा काहीतरी बोलला आणि सगळ्या गावात एकटी बयनाबाई हसली. यशवंतरावांच्या पत्नी तुळजाबाईंनी मागे वळून पाहिलं. त्या म्हणाल्या, "बयने, तुले समजते तं मातीत बसून एकटीच काऊन हासतं? पुढं ये अन् आमाले सांग."

अशी बयनाबाई माझ्या अगदी मधोमध, टीव्हीसमोर येऊन बसली. गरज पडली की गावाचा विटाळ कसा चटकन धुऊन निघतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. थू तुमच्या रीतीवर, असं मला म्हणायचं होतं. पण सतरंजीचं कोण ऐकतं?

पुढे मात्र रविवार बयनाबाईचा झाला. टीव्ही नावाला चाले. राजाने लांबलचक भाषण केलं की ती एवढंच म्हणे, "काई नाई, बढाया मारून राह्यला." राणीला ती आपल्या बोलीत बोलायला लावी. मालिकेत हत्ती कधी दिसला नाही, मालिका काढणाऱ्यांना परवडला नसावा, पण बयनाबाई सांगे की मागे तटाच्या आड हत्ती उभा आहे, त्याचा आवाज येतोय. माणसं कान टवकारत आणि त्यांना आवाज येई. मला हिंदी कळत होतं, म्हणून कोणतं राजाचं आणि कोणतं बयनाबाईचं हे मी ओळखून होते. खरं सांगू? बयनाबाईचं जास्त चांगलं होतं.

त्याच वर्षी यशवंतरावांची मुलगी भागीरथा माहेरी आली. आली म्हणजे सासरच्यांनी आणून सोडली. मूल होत नव्हतं. तिच्याशी कोणी वाईट बोलत नसे, पण बोलतही नसे. ती माझ्या टोकाशी बसे आणि माझ्या काठाचे धागे उपसत राही. तुळजाबाई तिला विहिरीवर पाणी आणायला एकटी जाऊ देत नसत. कारण घरात कोणी उच्चारलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि मालिकेतल्या राणीचं नशीबही नेमकं तेच निघालं. वारस नाही म्हणून राजाने तिला टाकलं. शेवटच्या भागात राणी एकटी पायऱ्यांच्या विहिरीकडे चालली. हवा सुटली होती, अँटेना हलून पडद्यावर नुसत्या मुंग्या. राणी कोणती आणि पायरी कोणती, काही दिसेना. पण पडद्यामागून बोलणारा माणूस हिंदीत स्पष्ट सांगत होता, की राणीने पाण्याला कवटाळलं आणि तिचं दुःख संपलं.

सगळे बयनाबाईच्या तोंडाकडे पाहू लागले. भागीरथेने धागे उपसणं थांबवलं होतं. ती पुढे वाकली होती, आणि तिचं सगळं वजन माझ्या एका टोकावर आलं होतं. ते वजन मला आवडलं नाही.

बयनाबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "उतरली विहिरीत. पानी पेली, तोंड धुतलं. मंग किल्ल्याच्या मागच्या दारानं निंगून गेली."

"कुठं?" भागीरथेने विचारलं. कित्येक महिन्यांत ती आपणहून बोलली ती तेव्हाच.

"तिले वाटंल तिकडं. राजाले काय इचारते आता."

गाव समाधानाने उठलं. चंपतरावांनी मान डोलावली, आपल्याला हे आधीच कळलं होतं म्हणाले.

भागीरथा दुसऱ्या वर्षी सातवीच्या परीक्षेला बसली. मग जैनथला बालवाडीत लागली. पुढे नवरा न्यायला आला तेव्हा तिने त्याला चहा दिला आणि परत पाठवला. कोणी फार बोललं की ती म्हणे, धवलगडची राणी नाही का गेली मागच्या दाराने? लोकांना मानावंच लागे, कारण ते तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

माझं मात्र उतरतं सुरू झालं. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मला गुंडाळून सरकीच्या पोत्यांवर टाकलं. उंदरांनी माझं एक टोक कुरतडलं. मी तक्रार केली नाही, कारण उंदीर निदान मान डोलवत नाहीत.

अठ्ठ्याण्णव साली चंपतरावांकडे रंगीत टीव्ही आणि केबल आली, आणि त्याच वर्षी बातमी आली की 'धवलगढ की रानी' नव्याने काढताहेत, नवी माणसं घेऊन. गावात एकच धांदल उडाली. गर्दीला खुर्च्या पुरेनात, म्हणून मला पोत्यांवरून ओढून, दोनदा झटकून चंपतरावांच्या अंगणात नेलं.

मित्रांनो, चाहता म्हणजे काय ते मला त्या अंगणात कळलं. चाहता म्हणजे असा माणूस, ज्याला आपलं आवडतं नीट आठवत नाही, पण दुसऱ्याने त्याला हात लावलेला खपत नाही. एक म्हणे, राणीचं लुगडं हिरवंच पाहिजे, तेव्हा हिरवं होतं. काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर याला हिरवं दिसलं होतं! दुसरा हत्तीसाठी अडून बसला. तिसऱ्याला राणीची मूळ वाक्यं जशीच्या तशी हवी होती, आणि ती त्याने म्हणून दाखवली, शुद्ध आमच्या बोलीत. चंपतराव तर म्हणाले, एक अक्षर बदललं तर टीव्ही उचलून नदीत फेकीन. फेकणार कसला, हप्ते चालू होते.

दर आठवड्याला हेच. नवी राणी काय वाईट होती? बिचारी जीव तोडून रडत होती. पण हे लोक तिला जुन्या राणीसारखं रडायला सांगत होते, आणि जुनी राणी मुंग्यांच्या आड कशी रडली, ते त्यांच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. एवढ्या सगळ्यांत जिच्यामुळे त्यांना ती मालिका आवडली, त्या बयनाबाईचं नाव एकानेही काढलं नाही. आता हिंदी सगळ्यांना येत होतं ना.

शेवटच्या भागाला भागीरथा तिला हाताला धरून घेऊन आली. बयनाबाई थकली होती, डोळ्यांनी कमी दिसे. तिला यायचं नव्हतं. येताना तिने दोनदा विचारलं होतं, की शेवट तोच ठेवतील का बदलतील. भागीरथा म्हणाली, तोच राहील, काळजी कशाची? बयनाबाई माझ्यावर बसली ती अगदी काठाला, उठून जायला बरं पडेल अशी. खुर्च्यांवरच्या मंडळींची तिला भीती नव्हती. ज्या दाराच्या भरवशावर या पोरीने आपलं आयुष्य उभं केलं, ते दार कोणी बांधलंच नव्हतं, हे आता तिच्यासमोर उघडं पडणार होतं.

रंगीत टीव्हीवर मुंग्या नव्हत्या. पायऱ्या लख्ख दिसल्या. राणी उतरली, हात जोडले, आणि तिने उडी मारली. पाणी फिरलं आणि सपाट झालं.

मग जो गदारोळ उठला! नास केला, वाटोळं केलं, असलीमध्ये असं नव्हतंच, मागचं दारच काढून टाकलं हरामखोरांनी. एकालाही शंका आली नाही. आपली आठवण चुकीची असेल, हा विचार त्यांच्या डोक्याच्या वाटेलाही गेला नाही. मूर्खपणाचा कोणाला फायदा होताना मी तेवढा एकदाच पाहिला.

पण भागीरथा ओरडत नव्हती. ती वाकून हळूच म्हणाली, "मावशी, तवाबी तिनं उडीच मारली होती का?"

बयनाबाईने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "हो, माय."

"अन् मागचं दार?"

"ते म्या बसवलं. तू लय वाकून पाहून राह्यली होती."

भागीरथेचा हात बयनाबाईच्या गुडघ्यावर होता, तो तिने काढला नाही. मी दोघींच्या खाली होते. एवढ्या वर्षांत माझ्यावर एवढं हलकं कोणी बसलं नव्हतं.

तेवढ्यात चंपतराव आले. म्हणाले, चॅनेलवाल्यांना तक्रार धाडायची, सगळ्या गावाची सही घ्यायची, पण हिंदीत लिहायला शिकलेलं माणूस पाहिजे. "भागीरथे, तू लिव. लिव का मागचं दार होतं मनून. सगळ्या गावानं पाह्यलं."

भागीरथा उठली. "लिवतो काका," ती म्हणाली. "दार होतं. मी सोता त्याच्यातून गेली."

चंपतरावांना त्यातलं अक्षरही कळलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि मंडळींकडे वळून म्हणाले, पाहा, शिकलेली पोरगी पण तेच म्हणून राह्यली.

मित्रांनो, तुम्हीही आज ना उद्या कशाचे तरी चाहते व्हाल, आणि ते पुन्हा जसंच्या तसं करून मागाल. मागा बापडे. पण नव्यांना शिव्या देण्याआधी एकदा आठवून पाहा, की जुनं तुम्हाला कोणी सांगितलं होतं. ते माणूस बहुतेक तुमच्याच गावात असेल, म्हातारं झालं असेल, आणि त्याच्याकडे कोणी गेलं नसेल. त्याची विचारपूस करा. आणि जमलंच तर माझ्यासारख्या जुन्या सुताला वर्षातून एकदा ऊन दाखवा. उंदरांशी माझं भांडण नाही, पण त्यांना गोष्टी सांगता येत नाहीत.