तीर्थ कुणाला पोळतं?

चितेगावात तात्यासाहेबांच्या अंगणात मुंगीला शिरायला वाव नव्हता. वाळूजच्या कारखान्यांत पाळीला निघालेली माणसंही दुचाक्या लावून माना उंचावत होती. जलसिद्ध महाराजांचं तीर्थ म्हणे माणूस ओळखतं. निर्मळाला गार लागतं, भानामती करणाऱ्याला पोळतं. तात्यासाहेबांचा नातू गोकुळ तापानं फणफणला होता. करणी कुणाची, ते आज ठरणार होतं.

लाल फडक्यानं झाकलेले दोन हंडे होते. चेला दाखवील त्या हंड्यात मंत्र संपेपर्यंत हात बुडवून शुद्धी करायची, मग परातीतल्या तीर्थाला शिवायचं. घरातले सगळे "गार!" म्हणत सुटले. उरली विधवा भावजय सरूबाई. तीर्थ पोळलं तर तिचं घर सुटणार होतं. तिची भाची सावनी, शहरात विज्ञान शिकवणारी, ओठ चावत शेजारी उभी होती.

चेल्यानं सरूबाईला दुसरा हंडा दाखवला. मंत्र संपला, तिनं परातीत हात घातला आणि दचकून काढला. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"गरम लागतंय," ती म्हणाली.

"स्वतःच्या तोंडानं कबूल झाली! काढा भाईर!" गर्दी खवळली.

"सावनी, माझ्याच हातून काई झालं असंल का गं?"

सावनीनं तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. सावनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तात्या, उजवा हात ह्या हंड्यात घाला, डावा त्यात. मग दोन्ही परातीत."

"शुद्धी भंगंल!" महाराज ओरडले. "बाई, ज्याला जसं जाणवतं, तेच त्याचं सत्य!"

"मग तात्यांना जाणवू द्या की!"

तात्यासाहेबांनी हात बुडवले. एका हंड्यात कढत पाणी, दुसऱ्यात बर्फाचं. मग दोन्ही हात परातीत गेले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"उजव्याला गार... डाव्याला गरम लागतंय."

"म्हंजी अर्ध्या तात्यांनी करणी केली व्हय?" कुणीतरी खिदळलं.

"परातीत नुसतं कोमट पाणी आहे," सावनी म्हणाली. "कढतातून आलेल्या हाताला ते गार लागतं, बर्फातून आलेल्याला गरम. मावशी खरंच बोलली, तुम्हीही खरंच बोललात. पण लागणं वेगळं आणि असणं वेगळं!"

तात्यासाहेब पांढरेफटक पडले. "अगं, सकाळी महाराजांनी माझे हात असेच शुद्ध करून पोराच्या कपाळावर ठेवले. गार लागलं. ताप उतरला समजून दवाखाना नको म्हणलो मी!"

सावनी आत धावली. गोकुळच्या उशाशी थर्मामीटर तसाच पडून होता. तिनं तो लावला. एकशे चार.

फाटकाकडं सटकणाऱ्या महाराजांना लोकांनी धरून आणलं. "वाचा महाराज," सावनी थर्मामीटर पुढं धरत म्हणाली. "तुम्ही वाचल्यावर आकडा बदलतो का?"

तात्यासाहेबांनी मान खाली घालून गोकुळला जीपमध्ये सरूबाईच्या मांडीवर दिलं. "वहिनी, धरा याला."

मंडळी, आपले हात आपल्याशी लबाडी करत नाहीत, पण त्यांना फसवता येतं. म्हणून कुणाला घराबाहेर काढण्याआधी एकदा मोजून बघावं.

"ताप कमी वाटतोय का?" पुढून तात्यासाहेबांनी विचारलं.

सरूबाईनं कपाळाकडं नेलेला हात मागं घेतला. "वाटायचं ऱ्हाऊ द्या भाऊजी. गाडी पळवा."