नसलेला ब्रेक

आत्मभानाच्या तक्त्यात मी स्वतःला दहापैकी नऊ गुण दिले होते. एक विनयाखातर कापला. समुपदेशनाच्या वर्गात हा तक्ता दर महिन्याला भरायचा असतो: समोरचा बोलत असताना आपण काय करतो, हे आपल्याला कितपत कळतं? शेजारच्या रकान्यात आमच्या बाई त्यांचे गुण लिहितात. बाईंनी मला दोन दिले.

माझं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षं मी लोकांना गाडी चालवायला शिकवली. घाबरलेल्या माणसाशेजारी कसं बसायचं, हे बाई मला शिकवणार? मी सल्ले देत नाही, वाद घालत नाही, मान किती छान डोलावते! तरी सरावाच्या दोन मुलाखतींत मला नापास केलेलं. आता तिसरी आणि शेवटची. पास झाले तर खरी माणसं समोर बसणार, नाहीतर अख्खं वर्ष पुन्हा. चोपन्नाव्या वर्षी!

"चुकतंय कुठे, ते तरी सांगा," मी बाईंना म्हणाले.

बाईंनी दुसऱ्या मुलाखतीचं चित्रीकरण लावलं आणि आवाज बंद केला. पडद्यावर मी आणि समोर बेकरीवाले. हे माझे सहाध्यायी. बेकरी मुलाच्या ताब्यात देऊन तेही समुपदेशक व्हायला आलेत. सरावात आम्ही आळीपाळीने क्लायंट होतो. नियम एकच, दुखणं खरं आणायचं.

"तोंडाकडे नका बघू. खाली बघा," बाई म्हणाल्या.

खाली माझा उजवा पाय होता. बेकरीवाले काही बोलू लागले की तो पुढे सरकायचा आणि कचकन फरशी दाबायचा. लगेच माझे ओठ हलायचे आणि बेकरीवाले गप्प व्हायचे.

"मुंगी चावली असेल," मी म्हणाले.

बाईंनी आवाज सुरू केला.

"भाऊ आणि मी एकाच गल्लीत राहतो, पण..." पाय. "पाणी घेता का?"

"आई गेली त्या दिवशी तो..." पाय. "पंखा वाढवू का?"

"खरं सांगायचं तर चूक माझी..." पाय. "बरं, हल्ली पाव कोण भाजतं?"

अकरा वेळा. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. तो माझा. धोका दिसला की शिकणाऱ्याच्या आधी माझा पाय पडायचा. सव्वीस वर्षांत मी गाडीला ओरखडा येऊ दिला नाही. गाडी विकून दोन वर्षं झाली होती, पण पायाला कुणी कळवलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या मुलाखतीला मी जालीम उपाय केला. चपला काढल्या आणि खुर्चीवर मस्त मांडी घालून बसले. बेकरीवाले बघतच राहिले.

"कंबर धरलीय," मी थाप मारली. "बोला तुम्ही."

"आई गेली त्या दिवशी भाऊ दारात आला होता," ते म्हणाले. "मी दार उघडलं नाही."

पाय मांडीखाली धडपडला, पण अडकलेला. 'पाणी घेता का?' अगदी जिभेवर आलं होतं, ते गिळलं. दाबायला काहीच नव्हतं, म्हणून नुसती बसून राहिले. मी भयंकर घाबरले होते. बेकरीवाले ढसाढसा रडले. मग नाक शिंकरून त्यांनी आपणहून सांगितलं की भावाची हाक अजून कानात आहे, आणि आता आपणच त्याच्या दारात जायला हवं. कुठेही काही आदळलं नाही.

ते वेळ संपल्यावर आदळलं. मी थाटात उठले, दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या, आणि धाडकन बेकरीवाल्यांच्या अंगावर कोसळले. ते खुर्चीसकट उलटे झाले. त्यांचा रुमाल उडून बाईंच्या चहात पडला.

"पास?" मी जमिनीवरूनच विचारलं.

"पाय कोंडून ठेवलात, आवरला नाहीत," बाई रुमाल पिळत म्हणाल्या. "खऱ्या माणसांसमोर रोज मांडी ठोकून बसणार आहात? पण ऐकलंत नीट, म्हणून अख्खं वर्ष नको, सोमवारी पुन्हा बसा, पाय जमिनीवर ठेवून. तोवर घरी सराव करा."

मुलगी न्यायला आली होती. गाडी चालवायला ती माझ्याकडे शिकली नाही. दुसरीकडे गुपचूप शिकली, आणि तो राग मी सहा वर्षं धरून आहे. मी तिच्या शेजारी बसले. पाय अजून झिणझिणत होते.

"आई, तुला एक सांगायचंय," सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली. "बरेच दिवस सांगेन म्हणतेय."

पाय पुढे गेला. या वेळी तो जाताना मला दिसला. आणखी एक दिसलं. मुलगी माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती खाली, माझ्या पायाकडे बघत होती, आणि तिला त्यात काही नवल वाटलेलं नव्हतं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "नंतर बोलू."

अशी किती 'नंतर' झाली असतील, देव जाणे. मी दोन्ही हातांनी गुडघा धरला, पाय उचलून मागे घेतला आणि टाच सीटला टेकवली.

"आत्ता सांग," मी म्हणाले.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजू लागले. तिने पुन्हा एकदा खाली बघितलं. पाय मागेच होता. तिने गाडी पुढे काढली आणि सांगायला लागली.