एका मुठीची पारख

आसगावात कोणाचंही धान विकायला निघालं, की आधी तेजरामला हाक जायची. हा माणूस पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, वरून, मधून आणि तळातून अशा तीन मुठी काढायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि मगच तोंड उघडायचा. वरची एक मूठ पाहून बोलणाऱ्याला तो सरळ बह्याड, म्हणजे खुळा, म्हणायचा. गावानं त्याला मान दिला होता आणि त्यानं तो डोक्यात जाऊ दिला होता, हेही सांगून टाकलेलं बरं.

त्याची थोरली पोरगी रक्षा दहावीला शाळेत पहिली आली. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात अकरावी सायन्सच्या यादीत तिचं नाव लागलं, वसतिगृहात जागाही मिळाली. शनिवारपर्यंत कागद घेऊन हजर व्हायचं होतं. डॉक्टर व्हायचं हे पोरीनं मनात ठरवलं होतं आणि तेजरामनं चौकात चार जणांना सांगूनही टाकलं होतं.

त्या आठवड्यात धानाची रोवणी जोरात होती. त्याची बायको सत्यभामा बायांसोबत सकाळपासून बांधीतल्या चिखलात, आणि रक्षा त्यांचा डबा घेऊन गेलेली. तेजरामचा पाय मुरगळला होता, म्हणून तो घरी खाटेवर साऱ्या जगावर चिडून बसला होता. तेवढ्यात चार्जिंगला लावलेला रक्षाचा फोन वाजला. पडद्यावर लिहून आलं, 'रक्षा, विहान वाट पाहतोय. तू काय करशील?'

आता बापाच्या काळजाचं पाणी होईल नाही तर काय! त्यानं फोन उचलून बोट लावलं. रंगीत चित्रं हलायला लागली तेव्हा कळलं, विहान काही खराखुरा नाही. गोष्टीचं ॲप होतं ते, वाचणाऱ्याचंच नाव गोष्टीतल्या पोरीला देणारं. खरं तर इथंच जीव भांड्यात पडायला हवा होता. पण चित्रातली रक्षा वसतिगृहाच्या फाटकाशी उभी होती, समोर मोटरसायकलवर तो विहान, आणि खाली दोन चौकटी होत्या. 'खोलीत परत जा.' 'विहानसोबत जा.'

"पाहू तं खरं, ही पोट्टी कुठवर जाते," तेजराम पुटपुटला आणि त्यानं 'विहानसोबत जा' दाबलं. पुढे विचारलं, बाबांना खरं सांगायचं की खोटं. त्यानं खोटं दाबलं. मग कॉलेज सोडायचं दाबलं. चौथ्यांदा दाबलं तेव्हा चित्रातली रक्षा पिशवी घेऊन त्या पोराच्या गाडीवर बसून निघून गेली आणि चित्रातला बाप दारात एकटाच उभा राहिला. खाली आलं, 'समाप्त.' इकडे तेजरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रक्षा परत आली तेव्हा तिच्या पायांवरचा चिखलही वाळला नव्हता.

"हे वाचून राहिली तू? हे?" तेजरामनं फोन तिच्या तोंडापुढे नाचवला.

तिनं पाहिलं आणि ती गोंधळली. "बाबा, माझी गोष्ट अशी नाही जी. तुमी एकडाव माझ्यासोबत बसून पुरी पाहा ना."

"मले पारख शिकवतेस? भंडाऱ्याले जाऊन हेच करशील तू! काही जायचं नाही."

फोन पेटीत गेला, वर कुलूप लागलं. "अजी, पोरीचं आईकून तं घ्या," सत्यभामा तीन दिवस म्हणत राहिली. ऐकेल तो तेजराम कसला! शनिवार आला आणि गेला. कागद खुंटीवरच्या पिशवीतच राहिले. रक्षानं जवळच्या कॉलेजात आर्ट्सला नाव घातलं. ती रडली नाही, भांडली नाही. कोणी काहीही म्हटलं तरी "हाव", म्हणजे हो, एवढंच म्हणायची, आणि बापाशी बोलायला तिच्याजवळ तेवढाच शब्द उरला.

दिवाळीनंतर धाकट्या खुशबूच्या शाळेत पालकांची सभा झाली. सत्यभामा धान कापायला गेली होती, म्हणून तेजराम गेला. विषय होता मोबाईलवरच्या गोष्टी. रीना मॅडम सांगत होत्या, "काही गोष्टी या वयाला चांगल्या नसतात, ते पाहायलाच पाहिजे. पण फोन हिसकावून एकट्यानं पाहू नका. चौकटी दाबायची गोष्ट दाबणाऱ्याच्या बोटानं पुढे जाते. शेजारी बसा, पोरीलाच दाबू द्या, ती काय निवडते ते पाहा आणि मग ठरवा."

तेजराम उभा राहिला. "म्हणजे मॅडम, म्या दाबलं तं गोष्ट माझी होते?"

"हो ना. तुम्ही जे निवडाल तेच दिसेल तुम्हाला."

तो खाली बसला. पुढं मॅडम काय बोलल्या ते त्याला आठवत नाही.

घरी येऊन त्यानं पेटी उघडली, फोन चार्ज केला आणि रक्षापुढे धरला. ती अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. "बाई, दाखव मले तुझी गोष्ट. तूच दाब, मी निस्ता पाहतो."

तिनं हात पुसले आणि 'तुझे निर्णय' असं लिहिलेलं पान उघडलं. लांबलचक यादी होती. 'अभ्यासाला बस.' 'नाही म्हण.' 'मैत्रिणीला सोबत घे.' 'बाबांना फोन कर.' 'बाबांना खरं सांग.' तिचं बोट खाली खाली सरकत गेलं. अगदी तळाशी चार ओळी होत्या, रोवणीतल्या त्या दिवसाच्या तारखेच्या.

"हे चार माझे नाहीत, बाबा."

"माझे आहेत," तेजराम म्हणाला. साऱ्या गावाच्या पोत्यांत तीन मुठी काढणाऱ्यानं पोटच्या पोरीची एकच मूठ पाहिली होती, आणि तीही स्वतःच कालवलेली. "मांगं जाता येते का या गोष्टीत?"

"नाही. ते संपली. नवीन सुरू करा लागते, पयल्यापासून."

"मंग कर ना, बाई."

तिनं नवी गोष्ट उघडली, नाव लिहिलं. एसटीच्या थांब्यावर एक पोरगी उभी होती. खाली दोन चौकटी होत्या. 'शहरात शिकायला जा.' 'गावातच राहा.' रक्षाचा अंगठा चौकटीवर थांबला. मग तिनं फोन बापाच्या हातात ठेवला.

"तुमीच दाबा, बाबा."

आवाजात राग असता तर त्यानं सोसला असता. तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. तेजरामनं शहराची चौकट दाबली आणि पडदा तिच्याकडे वळवला. "पाह्य, शहरात चालली तू. पुढच्या साली मी सोता तुले भंडाऱ्याले घेऊन जातो. जाशील ना?"

"हाव," रक्षा वर न पाहताच म्हणाली आणि तांदळातले खडे काढत राहिली.